कृष्णद्रव्य नसलेली दीर्घिका आणि सुधारित गुरुत्वाकर्षण : एनजीसी १०५२-डीएफ२ चे प्रकरण

मार्च २०१८ च्या अखेरीस 'नेचर' या नियतकालिकात येल विद्यापीठाचे पीटर व्हॅन डोक्कम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तिमिंगल तारकासमूहातील एनजीसी १०५२-डीएफ२ या अंधूक दीर्घिकेत कृष्णद्रव्य, म्हणजे डार्क मॅटर, जवळजवळ नाही असा त्याचा निष्कर्ष होता. एखाद्या दीर्घिकेत कृष्णद्रव्य सापडले नाही तर ज्यांचा कृष्णद्रव्यावर विश्वास नाही त्यांना आनंद व्हावा, असे वरकरणी वाटते. परंतु निबंधकर्त्यांनी नेमका उलटा युक्तिवाद मांडला. कृष्णद्रव्य हा खरोखरीचा पदार्थ असेल, तर तो एखाद्या दीर्घिकेत कमी, एखादीत जास्त, क्वचित अजिबात नाही असे होऊ शकते. दीर्घिकांच्या गतीतील विसंगती गुरुत्वाकर्षणाच्या वेगळ्या नियमामुळे असेल, तर मात्र त्या नियमातून कोणत्याही दीर्घिकेला सुटका नाही. म्हणून कृष्णद्रव्याविना वावरणारी एक दीर्घिका सापडली, की सुधारित गुरुत्वाकर्षणाचा पक्ष संपला, असा तो युक्तिवाद होता.

युक्तिवाद देखणा आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. दीर्घिकेतील ताऱ्यांची गती त्या दीर्घिकेच्या स्वतःच्या वस्तुमानावरूनच ठरते, शेजारी कोण आहे याच्याशी तिचा संबंध नाही, असे त्यात धरून चालले आहे. न्यूटनच्या चौकटीत ते बहुतांशी खरे आहे. ज्या सिद्धान्ताची परीक्षा घ्यायची होती, त्या सिद्धान्तात ते खरे नाही. हे प्रकरण पुढील काही वर्षे ज्या वळणांनी गेले, त्यांचे मूळ या एका फरकात आहे.

पार्श्वभूमी

व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेच्या परिभ्रमणाची मोजमापे प्रसिद्ध केली आणि त्या दशकात अनेक सर्पिल दीर्घिकांबाबत एकच चित्र दिसू लागले. केंद्रापासून दूर जावे तसा ताऱ्यांचा व वायूचा परिभ्रमणवेग कमी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो एका पातळीवर येऊन तिथेच टिकत होता. दिसणाऱ्या द्रव्यापेक्षा कितीतरी अधिक द्रव्य दीर्घिकेभोवती पसरलेले आहे, हे याचे रूढ स्पष्टीकरण झाले.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील मोर्देहाई मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये दुसरा मार्ग सुचवला. वस्तुमान वाढवण्याऐवजी त्यांनी नियमालाच हात घातला. त्वरण एका विशिष्ट मर्यादेच्या खाली गेले, की न्यूटनचा नियम जसाच्या तसा लागू राहत नाही, आणि प्रत्यक्ष त्वरण हे न्यूटनीय त्वरण व ती मर्यादा यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ असते, असे त्यांचे म्हणणे होते. ही मर्यादा सुमारे १.२ × १०⁻¹⁰ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गुरुत्वत्वरणाच्या साधारण ८० अब्जाव्या भागाइतकी आहे. सूर्यमालेतील ग्रहांची त्वरणे याच्या फार वर असल्यामुळे तिथे हा फरक जाणवत नाही. दीर्घिकांच्या कडांवर मात्र तोच सर्वकाही ठरवतो. सुधारित न्यूटनीय गतिकी, संक्षेपाने 'मॉन्ड', या नावाने हा विचार ओळखला जातो. दीर्घिकेचा स्थिर परिभ्रमणवेग तिच्या दृश्य वस्तुमानाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात असला पाहिजे, ही त्याची निरपवाद मागणी आहे, आणि सर्पिल दीर्घिकांबाबत ती विलक्षण नेमकेपणाने पूर्ण होते. दीर्घिकासमूहांत हा विचार अडखळतो, कारण तिथे नियम बदलूनही वस्तुमान कमीच पडते. तो विषय येथे बाजूला ठेवावा लागेल.

दहा तारकागुच्छांचा पुरावा

डीएफ२ ही अतिविरळ प्रकारातील दीर्घिका आहे. व्हॅन डोक्कम यांच्या गटाने न्यू मेक्सिकोत उभारलेल्या 'ड्रॅगनफ्लाय' या दुर्बिणीने, जी कॅननच्या अनेक टेलिफोटो भिंगांची जुळणी करून बनवलेली आहे, तिच्याकडे नव्याने लक्ष वेधले. ती सुमारे ६.५ कोटी प्रकाशवर्षांवर आहे असे धरले, तर तिचा अर्धा प्रकाश ज्या त्रिज्येत सामावतो ती त्रिज्या सुमारे ७,००० प्रकाशवर्षे भरते, आणि तिच्यातील ताऱ्यांचे एकूण वस्तुमान सूर्याच्या सुमारे २० कोटी पट येते. पसारा बराच मोठा, पण तारे इतके थोडे की हबलच्या छायाचित्रात तिच्या आरपार पलीकडच्या दीर्घिका दिसतात.

अशा दीर्घिकेत परिभ्रमण मोजण्याजोगी तबकडी नसते. म्हणून तिच्यातील घटक दृष्टिरेषेवर सरासरीपेक्षा किती कमीअधिक वेगाने हलतात, म्हणजे वेगांचा विखुर किती आहे, हे पाहावे लागते. विखुर जितका मोठा, तितके त्यांना धरून ठेवणारे गुरुत्वाकर्षण अधिक. विरळ ताऱ्यांच्या मंद प्रकाशाचा वर्णपट घेणे अवघड असल्यामुळे गटाने हवाईतील केक दुर्बिणींनी दीर्घिकेतील दहा तेजस्वी गोलाकार तारकागुच्छांचे वेग मोजले. दीर्घिका आपल्यापासून सेकंदाला सुमारे १,८०३ किलोमीटर वेगाने दूर जात आहे आणि गुच्छ या आकड्याच्या अगदी जवळपास दाटलेले आहेत, असे दिसले. त्यांनी काढलेला मूळ विखुर सेकंदाला ३.२ किलोमीटर होता, आणि ९० टक्के विश्वासाने तो १०.५ किलोमीटरपेक्षा कमी असल्याचा दावा होता. केवळ तारे आणि न्यूटनचा नियम एवढ्यावर अपेक्षित विखुर सुमारे ७ किलोमीटर येतो. म्हणजे कृष्णद्रव्याला जागाच उरत नव्हती. या आकाराच्या दीर्घिकेत ताऱ्यांच्या तुलनेत ते जेवढे असायला हवे, त्याहून ते निदान ४०० पट कमी होते.

या दाव्याची सगळी भिस्त दहा बिंदूंवर होती, आणि त्यातलाही एक बिंदू वेगळा पडलेला होता. ९८ क्रमांकाच्या गुच्छाचा वेग सरासरीपेक्षा सेकंदाला सुमारे ३९ किलोमीटरने कमी होता. मूळ विश्लेषणात विखुर काढण्याची पद्धत अशी होती, की टोकाच्या एका मापाचे वजन कमी होत असे. निकोलस मार्टिन आणि सहकाऱ्यांनी त्याच दहा वेगांवर अधिक सरळ संभाव्यतापद्धत लावली तेव्हा विखुर ९.५ किलोमीटर आला आणि ९० टक्के विश्वासाची वरची मर्यादा १८.८ पर्यंत गेली. पुढे व्हॅन डोक्कम यांच्या गटानेच त्या गुच्छाचा वेग पुन्हा मोजला. तो सरासरीच्या जवळ सरकला आणि त्यांचा सुधारित विखुर ७.८ किलोमीटर झाला. माझ्या मते या टप्प्यावर 'सिद्धान्त खोटा ठरला' असे म्हणण्याइतका पुरावा कोणाच्याच हातात नव्हता. दहा मापांवरून काढलेल्या विखुराची अनिश्चितता त्या विखुराइतकीच मोठी असताना दोन सिद्धान्तांमधला निवाडा करणे हे घाईचेच होते.

वीस की तेरा?

आता मॉन्डचे भाकीत पाहू. डीएफ२ अवकाशात एकटी आहे असे मानले तर गणित एका ओळीचे आहे. गुरुत्वस्थिरांक, दीर्घिकेचे वस्तुमान आणि मिलग्रोम यांची त्वरणमर्यादा यांचा गुणाकार घ्यावा, त्याला ४/८१ ने गुणावे आणि चौथे मूळ काढावे. वस्तुमान २० कोटी सूर्यांइतके घेतले तर उत्तर सेकंदाला जवळजवळ नेमके २० किलोमीटर येते. चौथे मूळ असल्यामुळे वस्तुमानातील चुकीचा परिणामही फारसा होत नाही. वस्तुमान दुप्पट धरले तरी विखुर जेमतेम १९ टक्क्यांनी वाढतो. मूळ निबंधात मॉन्डच्या नावे हाच आकडा होता, आणि साडेदहाच्या मर्यादेपुढे तो उघडच टिकत नव्हता.

परंतु डीएफ२ प्रत्यक्षात एकटी आहे असे कोणीच मानत नव्हते. आकाशात ती एनजीसी १०५२ या मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेपासून सुमारे २.६ लाख प्रकाशवर्षांच्या अंतरावर दिसते. न्यूटनच्या चौकटीत शेजाऱ्याचे हे ओढणे सगळ्या ताऱ्यांवर जवळपास सारखेच असल्यामुळे, मुक्तपणे पडणाऱ्या लिफ्टमधील माणसांना आपापसांत काही जाणवू नये तसे, दीर्घिकेच्या आतल्या हालचालीवर त्याचा परिणाम होत नाही. मॉन्डमध्ये मात्र त्वरण एकूण किती आहे यावर नियम कोणता लागणार हे ठरते, आणि त्या एकूणात बाहेरचे त्वरणही मोजले जाते. बाहेरचे क्षेत्र आतल्यापेक्षा बलवान असेल, तर लहान दीर्घिकेतील मॉन्डची वाढ दबते आणि तिची वागणूक न्यूटनच्या दिशेने सरकते. यालाच बाह्यक्षेत्र परिणाम म्हणतात.

डीएफ२ साठी हे आकडे मांडून पाहता येतात. एनजीसी १०५२ चे वस्तुमान १०० अब्ज सूर्यांइतके घेतले, तर मॉन्डनुसार तिच्याभोवतीचा स्थिर परिभ्रमणवेग सेकंदाला सुमारे २०० किलोमीटर येतो. त्या वेगाचा वर्ग भागिले २.६ लाख प्रकाशवर्षे, असे केले की डीएफ२ च्या जागी बाहेरचे त्वरण त्या मर्यादेच्या सुमारे ०.१३ पट भरते. डीएफ२ चे स्वतःचे आतले त्वरण, ती एकटी आहे असे धरून, सुमारे ०.१२ पट येते. दोन्ही तुल्यबळ आहेत. म्हणून बाहेरच्याकडे दुर्लक्ष करणे चालणारच नाही. बेन्वा फामे, स्टेसी मॅकगॉ आणि मिलग्रोम यांनी २०१८ मध्येच हा परिणाम धरून भाकीत १३.४ किलोमीटरवर आणले, ज्याची खालची मर्यादा ९.७ आणि वरची १८.२ होती, पावेल क्रूपा आणि सहकाऱ्यांनीही 'नेचर'मध्ये उत्तर देताना सुमारे १४ चा आकडा मांडला. मार्टिन यांच्या ९.५ शी याची तुलना केली तर संघर्ष जवळपास मिटतो.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. भाकीत चुकल्यावर शेजाऱ्याला पुढे करणे ही पळवाट तर नाही? तसे म्हणता येणार नाही. मिलग्रोम यांनी बाह्यक्षेत्र परिणाम १९८३ च्या पहिल्याच मांडणीत घातला होता, कारण सूर्याच्या परिसरातील खुल्या तारकागुच्छांची आतली त्वरणे अत्यल्प असूनही त्यांच्यात वस्तुमानाची तूट दिसत नव्हती. शिवाय क्रेटर-२ या आपल्या आकाशगंगेच्या विरळ उपदीर्घिकेबाबत मॅकगॉ यांनी २०१६ मध्ये, मोजमाप होण्यापूर्वी, बाह्यक्षेत्र धरून सेकंदाला २.१ किलोमीटर विखुराचे भाकीत केले. पुढच्या वर्षी प्रत्यक्ष माप २.७ आले. ती एकटी मानली असती तर भाकीत सुमारे ४ असते. मूळ निबंधाने हा परिणाम हिशेबात न घेता मॉन्डला दोषी ठरवले, हा त्याचा सर्वात कच्चा दुवा होता.

अंतराचा वाद

बाह्यक्षेत्राच्या युक्तिवादाला किंमत मात्र मोजावी लागते. भाकीत शेजाऱ्यापर्यंतच्या खऱ्या, त्रिमितीय अंतरावर अवलंबून राहते, आणि आकाशात जवळ दिसणाऱ्या दोन वस्तू दृष्टिरेषेवर कितीही मागेपुढे असू शकतात. त्यामुळे वेगाचा वाद हळूहळू अंतराच्या वादात रूपांतरित झाला.

त्याची सुरुवात वेगळ्याच दिशेने झाली. ६.५ कोटी प्रकाशवर्षे हे अंतर खरे असेल, तर डीएफ२ चे गोलाकार गुच्छ अवाजवी तेजस्वी, आपल्या आकाशगंगेतील सर्वांत मोठ्या ओमेगा सेंटॉरीच्या तोडीचे ठरत होते. आणि असे एक नव्हे, जवळपास सगळेच. कॅनरी बेटांवरील खगोलभौतिकी संस्थेचे इग्नासियो त्रुहियो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये म्हटले, की दीर्घिका सुमारे ४.२ कोटी प्रकाशवर्षांवर आणली की गुच्छ सर्वसाधारण होतात, ताऱ्यांचे वस्तुमान सहा कोटी सूर्यांवर उतरते आणि कृष्णद्रव्यालाही पुन्हा जागा मिळते. म्हणजे सगळी विलक्षणता अंतराच्या चुकीतून आलेली होती, असे त्यांचे म्हणणे होते. व्हॅन डोक्कम यांच्या गटाने ते मान्य केले नाही.

दरम्यान ताऱ्यांचा प्रत्यक्ष प्रकाश वापरून दोन मापे झाली. केकवरील नव्या उपकरणाने शॅनी डॅनिएली आणि सहकाऱ्यांना ताऱ्यांचा विखुर ८.५ किलोमीटर मिळाला. चिलीतील व्हेरी लार्ज टेलिस्कोपवर एरिक एम्सेलेम यांच्या गटाला १०.८ मिळाला. दोन्हींची अनिश्चितता दोन ते चार किलोमीटरची आहे. याच काळात पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातून अमेरिकेतील व्हेरी लार्ज अ‍ॅरे वापरून या दीर्घिकेत हायड्रोजन वायू शोधला गेला आणि तो सापडला नाही. हा निकाल वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. मॉन्डच्या गणितात जे काही द्रव्य आहे ते सगळे मोजावे लागते. वायू नाही म्हटल्यावर २० कोटींच्या आकड्यात लपलेली भर राहत नाही.

अंतराचा निकाल २०२१ मध्ये बराचसा लागला. झिली शेन आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीच्या ४० परिभ्रमणांचा वेळ घेऊन दीर्घिकेतील सुटे लाल राक्षसी तारे मोजले. हे तारे एका ठरावीक तेजापर्यंत वाढतात आणि गाभ्यातील हेलियम पेटला की त्याच्या वर जात नाहीत. ते कमाल तेज किती मंद दिसते यावरून अंतर निघते. उत्तर आले ७.२ कोटी प्रकाशवर्षे, चूक साधारण ४० लाखांची. त्रुहियो यांचे जवळचे अंतर त्यामुळे मागे पडले. परंतु मॉन्डच्या समर्थकांना ज्याची अडचण झाली तो आकडा वेगळाच होता. याच परिसरात २०१९ मध्ये डीएफ४ ही दुसरी तशीच दीर्घिका जाहीर झाली होती. शेन यांच्या तुलनेनुसार डीएफ२ ही डीएफ४ पेक्षा सुमारे ६८ लाख प्रकाशवर्षे मागे आहे, आणि या फरकातील चूक १६ लाखांच्या आसपासच आहे, कारण तुलनात्मक मापात दोन्हींना समान असलेल्या चुका कटून जातात.

यातून निघणारा पेच सरळ आहे. एनजीसी १०५२ नेमकी कुठेही असो, या दोन्ही दीर्घिका एकाच वेळी तिच्यापासून दोन-तीन लाख प्रकाशवर्षांच्या आत असू शकत नाहीत. निदान एक तरी तिच्या प्रभावाबाहेर आहे, आणि तिच्यासाठी मॉन्डचे भाकीत पुन्हा २० च्या जवळ जाते. अंतर वाढल्याने डीएफ२ चे वस्तुमान वाढते, म्हणून तिच्याबाबत ते २१ होते. मोजलेला विखुर तर दोन्हींचा लहानच आहे. डीएफ४ मधील ताऱ्यांचा विखुर शेन यांच्या गटाने २०२३ मध्ये ८ किलोमीटर असल्याचे सांगितले. २०१८ मध्ये जो आक्षेप घाईचा होता, तो २०२३ मध्ये अधिक भक्कम पायावर उभा राहिला आहे, हे मॉन्डबद्दल सहानुभूती बाळगणाऱ्यानेही मान्य करायला हवे.

तरीही त्याला अंतिम म्हणता येत नाही. विखुरावरून वस्तुमान काढताना दीर्घिका स्थिरावलेली आहे असे धरले जाते, आणि हीच बाब वादग्रस्त आहे. डीएफ४ ला भरतीबलाने, म्हणजे शेजाऱ्याच्या असमान ओढीने, ओढलेल्या ताऱ्यांच्या शेपट्या असल्याचे मिरेया मोंतेस यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवले. डीएफ२ मध्ये तसे काही नाही, असे त्याच गटाने वर्षभराने म्हटले. तर मायकेल काइम आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दोन्ही दीर्घिका विरूप झाल्याचे नोंदवले. दीर्घिका विरूप असेल, तर तिला ओढणारा कोणीतरी जवळ आहे किंवा होता. मग 'एकटी' या गृहीतकाचे काय, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

रूढ पक्षाचेही सारे सुरळीत नाही. कृष्णद्रव्य होते, तर ते गेले कुठे? मोठ्या शेजाऱ्याने ते ओरबाडून नेले असावे असे संगणकीय प्रतिकृती दाखवतात, पण त्यासाठी पुन्हा शेजार लागतो आणि ६८ लाख प्रकाशवर्षांचा फरक तिथेही नडतो. म्हणून व्हॅन डोक्कम यांनी २०२२ मध्ये वेगळी कथा मांडली. सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वी दोन लहान दीर्घिकांची प्रचंड वेगाने टक्कर झाली, कृष्णद्रव्य एकमेकांतून निघून गेले, वायू मध्येच अडकला आणि त्यातून एका रांगेत अनेक दीर्घिका जन्मल्या. डीएफ२ व डीएफ४ यांच्या वेगांतील सेकंदाला ३५८ किलोमीटरचा फरक आणि तेजस्वी गुच्छांचे कोडे या दोन्ही गोष्टी तीत नीट बसतात. दोन दीर्घिकांच्या स्पष्टीकरणासाठी एवढी नेमकी घडलेली दुर्घटना लागावी, हे मात्र पटायला जड जाते.

मॉन्डपुढे उलट्या बाजूने आलेली अडचण मला अधिक गंभीर वाटते. केश तारकासमूहातील दीर्घिकासमूहात डीएफ४४ ही अतिविरळ दीर्घिका आहे. तिचा विखुर सेकंदाला सुमारे ३३ किलोमीटर मोजला गेला आहे आणि ती एकटी आहे असे मानले तर मॉन्डला तो साधारण जुळतो. पण ती हजारो दीर्घिकांच्या समूहात दिसते. तिथले बाह्यक्षेत्र धरले तर भाकीत खूप खाली येते. जोनाथन फ्रॉइंडलिख आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये याच समूहातील आणखी काही अतिविरळ दीर्घिका तपासल्या, आणि त्यांतही बाह्यक्षेत्राचा परिणाम दिसत नव्हता. डीएफ२ ला वाचवण्यासाठी जो परिणाम हवा, तोच येथे नको आहे. डीएफ४४ समूहाच्या गाभ्यापासून दूर, आता कुठे आत येत असावी, असे उत्तर दिले जाते. ते तपासायचे तर तिचे दृष्टिरेषेवरील अंतर लागेल, आणि हा समूह सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. ७.२ कोटी प्रकाशवर्षांवरील लाल राक्षसी तारे सुटे करायला हबलला ४० परिभ्रमणे लागली. त्या पद्धतीने एवढे दूरचे अंतर मोजणे हबलच्या आवाक्याबाहेर आहे.